मुंबई पोलिसांचे श्वान पथक: मागापासून वासापर्यंत

चोरीच्या किंवा खुनाच्या बातमीतले एक वाक्य आपण लहानपणापासून वाचत आलो आहोत. 'श्वान पथकाला पाचारण करण्यात आले. श्वानाने मुख्य रस्त्यापर्यंत माग काढला व ते तिथेच घुटमळले.' वाचणाऱ्याला वाटते, काहीच हाती लागले नाही. पण त्या घुटमळण्यातही माहिती असते. माणूस तिथून कदाचित गाडीत बसून गेला. ते ओळखतो पट्टा धरून मागे धावणारा हवालदार, खात्याच्या भाषेत श्वान हस्तक.

माग काढणे आपल्याकडे जुने आहे. गावचे रामोशी आणि जागले चोराच्या पावलांवरून माग काढायचे. तो शिवेपलीकडे गेल्याचे दाखवून दिले की जबाबदारी पुढच्या गावावर पडायची. शहराच्या फरसबंदीवर पाऊल उमटत नाही, वास मात्र काही काळ टिकतो. बेल्जियममधल्या गेंट शहराने १८९९ मध्ये पोलिसांसाठी कुत्रे पद्धतशीर तयार करायला सुरुवात केली. मुंबईत हे यायला डिसेंबर १९५९ उजाडला. बिंदो, राजा आणि कुमार हे तीन डॉबरमन पहिल्या पथकात होते. महाराष्ट्र राज्याचा जन्म तेव्हा साडेचार महिने दूर होता.

या पहिल्या पिढीचे काम एकच होते: गुन्हेगाराचा माग. पाऊस पडला, बघ्यांची गर्दी त्या जागेवरून फिरली, की वास विस्कटतो. म्हणून पथक पोहोचेपर्यंत कुणाला आत सोडू नका, असे हस्तक कळकळीने सांगतात, आणि ते क्वचितच ऐकले जाते.

न्यायालयानेही मर्यादा आखली. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली अशा पुराव्यावरचे मुख्य आक्षेप मांडले: कुत्रा साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहू शकत नाही, त्याच्या वतीने हस्तक बोलतो, आणि कुत्र्याच्या निष्कर्षावर माणसाचे आयुष्य किंवा स्वातंत्र्य अवलंबून ठेवता येत नाही. मला ही भूमिका योग्य वाटते. माग तपासाला दिशा देतो, दोष सिद्ध करत नाही.

१२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांनी पथकाचे कामच बदलले. त्यात २५७ माणसे मारली गेली, आणि शहरात अजून स्फोटके पडून असण्याची भीती होती. पुण्याच्या शिवाजीनगर इथल्या गुन्हे अन्वेषण विभागाच्या केंद्रात तयार झालेला 'जंजीर' हा लॅब्रेडॉर २९ डिसेंबर १९९२ रोजी बॉम्बशोधक व नाशक पथकात दाखल झाला होता. स्फोट झाले तेव्हा तो जेमतेम चौदा महिन्यांचा होता. धनजी स्ट्रीटवर सोडून दिलेल्या स्कूटरमधले आरडीएक्स त्याने दाखवून दिले. त्याच्या नावावर ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ जिवंत काडतुसांची नोंद आहे.

या कामाची रीत मागाच्या कामाहून वेगळी. स्फोटकाचा वास लागला की कुत्र्याने भुंकायचे नाही, पंजाने उकरायचे नाही, शांत बसायचे. बक्षीस म्हणून चेंडू मिळतो. त्याचे बसणे थकव्याचे की सापडल्याचे, हे रोज त्याला खाऊ घालणाऱ्या, फिरवणाऱ्या हस्तकालाच कळते, आणि त्या क्षणी तोही बॉम्बपासून हाताच्या अंतरावर उभा असतो. मृतांचे आकडे छापताना आपण न फुटलेल्या बॉम्बांचा हिशेब ठेवत नाही, याची मला खंत वाटते.

जंजीर १६ नोव्हेंबर २०००ला हाडांच्या कर्करोगाने गेला. त्याला अधिकारी पुष्पचक्र वाहतानाचे छायाचित्र आजही लोकांच्या फोनवर फिरते.

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर कामाला होते. सीझरने छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दोन हातबॉम्ब शोधले. निवृत्तीनंतर चौघांना विरारच्या एका शेतावर आसरा मिळाला. २०१६ या एकाच वर्षात चौघेही गेले: एप्रिलमध्ये मॅक्स, जूनमध्ये सुलतान, जुलैत टायगर. टायगर गेल्यावर सीझर खचला, असे तिथे सांभाळणाऱ्यांनी सांगितले होते. ऑक्टोबरमध्ये तोही गेला. त्याला तिरंग्यात गुंडाळून निरोप दिला गेला.