खळ, टिका आणि चिकटवही

सोलापुरात नवी पेठेतल्या स्टेशनरीच्या दुकानांत हल्ली एक नवा कोपरा दिसतो. नक्षीच्या चिकटपट्ट्या, फुलाफुलांच्या कागदांचे गठ्ठे, लेस, मणी, नागमोडी कापणाऱ्या कात्र्या. वर पाटी ‘स्क्रॅपबुकिंग’ची. शाळेत आपण याला चिकटवही म्हणायचो आणि मे महिन्याच्या सुट्टीच्या शेवटच्या दोन दिवसांत अख्ख्या घराला कामाला लावून ती पुरी करायचो. तेव्हाची शिक्षा आता हौस झाली. ही हौस अमेरिकेतून आली असं सांगतात, पण ते अर्धंच खरं आहे.

वहीत जमवून ठेवण्याची सवय आपल्याला नवी नाही. सापडलेला अभंग, पोवाडा, औषधाचा पाठ असं काहीबाही एकाच ठिकाणी उतरवून ठेवलेली बाडं जुन्या मठांत आणि वाड्यांत असायचीच. युरोपातही शिकलेली माणसं अशा वह्या ठेवत. फरक पडला तो छापील चित्रं हाताशी आल्यावर. १७६९ साली जेम्स ग्रेंजर या इंग्रज पाद्र्याने इंग्लंडमधल्या नामवंतांचा चरित्रग्रंथ काढला. लोक त्यात ज्याच्या त्याच्या चरित्रापाशी तसबिरी आणून चिकटवू लागले, त्याही दुसरी चांगली पुस्तकं फाडून. या फाडाफाडीला इंग्रजीत बिचाऱ्या ग्रेंजरच्याच नावाचं क्रियापद पडलं.

रंगीत कागदाच्या बाबतीत मात्र आपण कुणाच्या मागे नव्हतो. सोलापूरच्या किल्ल्यावरून आदिलशाही आणि निजामशाही भांडत बसल्या, त्यातल्या आदिलशाहीच्या राजधानीत, म्हणजे इथून शंभरेक किलोमीटरवरच्या विजापुरात, सतराव्या शतकात अब्रीची कला बहरली होती. पाण्यावर तरंगणारे रंग कागदावर उचलून घ्यायचे, की ढगांसारखी नक्षी उमटते. नुसती नक्षी उमटवून तिथले कलावंत थांबले नाहीत, तर त्यातून हडकुळा घोडा आणि त्यावरचा स्वार काढण्यापर्यंत त्यांची मजल गेली. पण ते दरबारी काम. घराघरात रंगीत कागद यायला यंत्र लागलं.

ते आलं १८३७ मध्ये, जेव्हा फ्रान्समध्ये गोडफ्रॉय एंगेलमानने दगडावरून रंगीत छपाईचं पेटंट घेतलं. एकेका रंगाला एकेक दगड. पुढे जर्मनीतल्या छापखान्यांनी ठशाने कापलेली, चकचकीत, उठावाची फुलं, मांजरं, देवदूत तावच्या ताव विकायला काढले. मुलींनी ते सोडवायचे आणि वहीत लावायचे. डिंकाने हात बरबटतात म्हणून मार्क ट्वेन या लेखकाने १८७३ मध्ये पानांवर आधीच गोंद लावलेल्या वहीचं पेटंट घेतलं. पान ओलं करा, कात्रण दाबा, झालं. लेखकाने लावलेला शोध चक्क विकला गेला, हे त्यातलं खरं आश्चर्य!

हीच रंगीत छपाई आपल्याकडे कापडावर बसून आली. मँचेस्टरच्या आणि मुंबईच्या गिरण्यांच्या ताग्यांवर देवदेवता, राजे, वाघ-हत्ती यांच्या चित्रांच्या चिठ्ठ्या डकवलेल्या असत. व्यापारी त्यांना टिका म्हणत. वाचता न येणारं गिऱ्हाईक चित्रावरून माल ओळखायचं. कापड फाटून जायचं, टिका मात्र कुणाच्या तरी वहीत नाहीतर देव्हाऱ्यामागे जाऊन बसायची. १८९४ मध्ये राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईत सुरू झाल्यावर तर लक्ष्मी-सरस्वती घरोघरी आल्या, आणि बायकांनी त्या छापील देवींना जर, टिकल्या, खरं कापड लावून सजवलं. आजच्या दुकानात ‘एम्बेलिशमेंट’ म्हणून जे पुडक्यात मिळतं, ते हेच.

सोलापुरात १८७७ मध्ये जुनी मिल सुरू झाली आणि पुढे गाव गिरण्यांचंच झालं, त्यामुळे इथे चिकटवायला चित्रं होती आणि खळही होती. खळ म्हणजे शिजवलेल्या पिठाची चिकी, आणि ती मुळात मागावरचा जिन्नस. ताण्याचा धागा तुटू नये म्हणून सुताला खळ देतात. पूर्व भागातली पद्मशाली मंडळी तिला तेलुगूत गंजी म्हणतात. सुताची खळ तीच मुलांच्या पतंगाची, वह्यांच्या कव्हरांची आणि चिकटवहीची. बुकबाइंडर खळीत चिमूटभर मोरचूद टाकतात, म्हणजे किडे लागत नाहीत. आमची आजी टाकायची नाही. “पोरं बोटं चाटत्यात, इख कशाला घालू?” असा तिचा सवाल असे. तिच्या वहीत ताग्यावरच्या टिका, काडेपेटीचे छाप, गड्ड्याच्या जत्रेतून आणलेला चमकीचा कागद, सगळं एका पंगतीला.

अमेरिकेचा भाग खरा सुरू होतो तो १९८० मध्ये. सॉल्ट लेक सिटीत वंशावळी आणि कौटुंबिक नोंदींवर मोठी परिषद भरली. तिथे मेरिएलेन ख्रिस्टेन्सन आणि त्यांच्या नवऱ्याने आपल्या घराच्या आठवणींचे पन्नासच्या आसपास खंड मांडले. बघायला गर्दी झाली. पुढच्याच वर्षी त्यांनी युटामध्येच या सामानाचं दुकान टाकलं. तिथल्या मॉर्मन पंथात घराण्याच्या नोंदी ठेवणं हे धर्मकर्तव्य मानतात, त्यामुळे गिऱ्हाईक तयारच होतं. ख्रिस्टेन्सनबाईंचा आग्रह होता तो कागद टिकण्याचा. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद एकोणिसाव्या शतकात आला. त्यातलं लिग्निन उजेडात पिवळं पडतं, आणि शाई फुटू नये म्हणून घातलेली तुरटी पुढे आम्ल होऊन कागदाचा पापड करते. असं आम्ल नसलेल्या कागदावर ‘ॲसिड-फ्री’ हा शिक्का असतो. आपल्याकडे तो शिक्का दिसला की किंमत आपोआप वाढते, पण खालचं पान साध्या वहीचं असेल तर वरच्या भारी कागदाचा काही उपयोग नाही, हे दुकानदार सांगत नाही.

नक्षीच्या चिकटपट्टीची कूळकथा आणखी मजेची. जपानमधल्या कुराशिकी गावातली कामोई कंपनी १९२३ मध्ये माश्या चिकटवायच्या कागदापासून सुरू झाली आणि नंतर रंगकामाच्या चिकटपट्ट्या करू लागली. २००६ मध्ये तीन बायकांनी त्या पट्ट्यांची कलाकुसर करून कारखान्याला धाडली. रंगीबेरंगी वाशी टेपचा, म्हणजे याच नक्षीच्या चिकटपट्टीचा, जन्म त्यातून झाला.

भाचीने परवा असली एक पट्टी आणली आणि आजीच्या वहीतल्या टिका नव्या पानांवर हलवू म्हणाली. वही उघडली तर कसर लागलेली. नीट पाहिलं तेव्हा कळलं की कसरीने सरसकट खाल्लेलं नाही, जिथे खळ होती तेवढंच खाल्लंय. एक टिका उजेडासमोर धरली. कडेने चौकोन आणि मधे फुली, बारीक बारीक भोकांची. आजी खळीचं बोट असंच फिरवायची, आधी चारी कडा, मग मधे फुली. भाचीने पट्टी बाजूला ठेवली आणि त्या पानाचा फोटो काढला.