बॅटरीचा उपास

इंदूरला रामबागेत राहणारी माझी मावशी दर शनिवारी दोन उपास करते, एक स्वतःचा आणि एक मोबाइलचा. फोन आपोआप बंद पडेपर्यंत चार्जर लावायचा नाही, मग रात्रभर लावून ठेवायचा. ‘अरे, पोट पूर्ण रिकामं झालं की भूक चांगली लागते,’ हे तिला जेल रोडवरच्या एका दुकानदारानं पटवलंय.

ही समजूत हवेतून आलेली नाही. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या वारंवार अर्धवट वापरून चार्ज केल्या की लवकर मान टाकायच्या; त्यांना अधूनमधून पूर्ण रिकामं केल्यानं खरंच फायदा व्हायचा. पण १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली आणि आज प्रत्येक फोनमध्ये तीच असते. बॅटरी बदलली, सल्ला तोच राहिला.

या बॅटरीतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे तिची साय. चार्ज करताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात, वापरताना परततात. कारखान्यात पहिल्यांदा चार्ज होतानाच ग्रॅफाइटला टेकलेल्या द्रावाचं थोडं विघटन होतं आणि दुधावर धरावी तसा एक पापुद्रा तयार होतो. हा पापुद्रा लिथियमच्या आयनांना वाट देतो, इलेक्ट्रॉनना अडवतो. तो नसता तर द्राव विघटित होतच राहिला असता. पण लिथियम आत शिरलं की ग्रॅफाइट सुमारे १० टक्के फुगतं आणि बाहेर पडलं की आकसतं. शून्यापासून शंभरापर्यंतची फेरी म्हणजे सगळ्यात मोठा ताण. साय तडकते, उघड्या ग्रॅफाइटवर नवी धरते आणि प्रत्येक नव्या सायीत थोडं लिथियम कायमचं अडकतं. बॅटरी ‘म्हातारी’ होते ती मुख्यतः अशी. ३० ते ८० टक्क्यांत खेळणाऱ्या बॅटरीची साय कमी फाटते.

तरी एखाद्या दिवशी फोन शून्यावर गेला म्हणून घाबरू नये. स्क्रीनवरचं शून्य हे खरं शून्य नव्हे. व्होल्टेज ३ च्या आसपास आलं की फोन स्वतःच बंद होतो. खरा धोका तो तसाच महिनोन्‌महिने पडून राहण्यात आहे. चार्ज हळूहळू झिरपत राहतो, व्होल्टेज आणखी घसरतं, पण एकट्या ग्रॅफाइटच्या बाजूचं विभव, म्हणजे शुद्ध लिथियमच्या तुलनेत मोजलेलं तिचं व्होल्टेज, साडेतीन व्होल्टकडे चढतं आणि ग्रॅफाइट जिच्यावर लावलेलं असतं ती तांब्याची पत्री द्रावात विरघळू लागते. नंतर चार्जर लावला की तेच तांबं भलत्याच ठिकाणी जमतं आणि आत शॉर्ट सर्किट होऊ शकतं. म्हणून फोन ठेवून द्यायचाच असेल तर अर्धा चार्ज करून, बंद करून, थंड जागी ठेवावा.

थंड जागी हे महत्त्वाचं. मे महिन्यात इंदुरात पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा शंभर टक्के भरलेला फोन उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवणं हे मावशीच्या शनिवारापेक्षा वाईट.

शून्य ते शंभर फेरीचा एक उपयोग मात्र आहे. टक्क्यांचा आकडा हा फोनचा अंदाज असतो आणि तो कधी कधी चुकतो. अशी एखादी फेरी तो अंदाज सुधारते. बॅटरी सुधारत नाही.

त्याच दुकानदारानं मावशीच्या फोनमागे ‘रेडिएशन शोषणारं’ सोनेरी स्टिकरही चिकटवलंय. ते खरोखरच काही शोषत असतं तर टॉवरपर्यंत पोचायला फोननं जास्त जोरानं सिग्नल सोडला असता आणि बॅटरी आणखी लवकर उतरली असती. पैसे गेले, एवढंच.

हे सगळं ऐकून मावशीनं कपाटातून काकांचा जुना फोन काढला. दोन वर्षं तसाच बंद. मागचं झाकण एका कोपऱ्यात उचललेलं, म्हणजे आत वायू होऊन बॅटरी फुगलेली. ती चार्जर शोधायला उठली, तेव्हा फोन तिच्या हातातून काढून घेतला.