वीजबिल आणि पुरवठादार बदल (मुंबई)

घरात येणारी वीज कोणाकडून घ्यायची, हे भारतात सहसा ग्राहकाच्या हाती नसते. महाराष्ट्रात बहुतेक घरांना महावितरण आणि गोव्यात सरकारी वीज खाते, एवढाच पर्याय असतो. मुंबईची उपनगरे हा ठळक अपवाद आहे. तिथे एकाच इमारतीत शेजारी-शेजारी दोन घरांची बिले दोन वेगळ्या कंपन्यांची असू शकतात.

या भागात 1929 मध्ये स्थापन झालेली बीएसईएस वीज देत असे. पुढे हा व्यवसाय रिलायन्सकडे आणि 2018 मध्ये अदानींकडे गेला. टाटा पॉवरचा परवानाही याच भागाला लागू होता. मात्र लहान ग्राहकांना थेट वीज विकण्याचा हक्क त्या परवान्यात येतो का, यावर मोठा वाद झाला. सर्वोच्च न्यायालयाने 8 जुलै 2008 रोजी टाटांच्या बाजूने निकाल दिला. हक्क मिळाला तरी चाळीचाळीपर्यंत टाटांच्या तारा पोचलेल्या नव्हत्या. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने ऑक्टोबर 2009 मध्ये त्यावर तोड काढली. तारा जुन्याच कंपनीच्या राहतील, वीज नव्या कंपनीची असेल आणि तारांच्या वापराबद्दल भाडे द्यायचे, अशी ही व्यवस्था होती. तिला 'चेंजओव्हर' म्हणतात. नव्या कंपनीने स्वतःची तार घरापर्यंत आणली, तर ते 'स्विचओव्हर'. हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. बिलाच्या दृष्टीने मात्र त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंतच्या शहर भागात बेस्टचा पुरवठा आहे. स्थानिक स्वराज्य संस्थेच्या जुन्या वितरण व्यवस्थेला 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 42 मध्ये सूट आहे, त्यामुळे बेस्टच्या तारांवरून चेंजओव्हर होत नाही. शहर भागात टाटांचे ग्राहक आहेत, ते टाटांच्या स्वतःच्या तारांवर.

बिल हाती आले की बहुतेकांची नजर तळाच्या रकमेवर जाते. खरे वाचन सुरू होते ते मागील आणि चालू रीडिंगपासून. दोन्हींची वजाबाकी म्हणजे वापरलेले युनिट. एक हजार वॅटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट होतो. 75 वॅटचा पंखा अहोरात्र फिरला तर 1.8 युनिट जळतात. रीडिंगच्या जागी 'सरासरी' असा शेरा दिसला, तर तो आकडा अंदाजाने टाकलेला असतो.

घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात: 100 युनिटपर्यंत, 101 ते 300, 301 ते 500 आणि त्यापुढे. 340 युनिट वापरले म्हणून सगळ्यांना तिसऱ्या टप्प्याचा दर लागत नाही. पहिले 100 पहिल्या दराने, पुढचे 200 दुसऱ्या दराने आणि फक्त 40 तिसऱ्या दराने मोजतात. घर बंद असल्याने तीन महिन्यांचे 420 युनिट एकदम आले, तर टप्पेही तिप्पट धरायला हवेत. म्हणजे 300 युनिट पहिल्या दराने आणि उरलेले 120 दुसऱ्या दराने. हा हिशेब प्रत्येकाने स्वतः करून पाहावा, कारण चूक झालीच तर ती इथे होते आणि भुर्दंड चांगलाच बसतो.

वीज आकारासोबत स्थिर आकार असतो (थ्री-फेज जोडणीला जास्त), तारांच्या वापराचा वहन आकार असतो, इंधनखर्चाच्या चढ-उतारानुसार इंधन समायोजन आकार लागतो आणि या साऱ्यावर राज्य सरकारचे 16 टक्के वीज शुल्क.

तुलनेत लोक फसतात ते इथेच. जाहिरातीत किंवा शेजाऱ्याच्या तोंडी असतो तो फक्त वीज आकार. चेंजओव्हर केलेल्या ग्राहकाला वहन आकार तारांच्या मालकाच्या दराने द्यावा लागतो. शिवाय 2011 पासून जुन्या कंपनीसाठी क्रॉस-सबसिडी अधिभार (जास्त दर देणारे ग्राहक सोडून गेल्याने पडणाऱ्या तुटीची भरपाई) लागू झाला, आणि पुढे त्या कंपनीच्या मागील थकीत वसुलीसाठी नियामक मत्ता आकारही आला. बदल करून सुटलो असे वाटणाऱ्या अनेकांना हे आकडे बिलावर पाहूनच कळले. कमी वापराच्या घराला एक कंपनी स्वस्त आणि जास्त वापराच्या घराला दुसरी, असेही घडते. 2012 मध्ये तर आयोगाने काही काळ घरगुती चेंजओव्हर 300 युनिटपर्यंतच्या ग्राहकांपुरताच ठेवला होता.

म्हणून गेल्या बारा महिन्यांची बिले समोर ठेवावीत. मे महिन्याचे एकटे बिल काही सांगत नाही. दीड टनाचा एसी तासाला दीड युनिट घेतो असे धरले, तर रोज आठ तासांनी महिन्याला 360 युनिट एकट्या त्याचे होतात. डिसेंबरात ते नसतात. प्रत्येक महिन्याचे युनिट दोन्ही कंपन्यांच्या आयोगमान्य दरपत्रकात, सर्व आकारांसह, बसवून वर्षाची बेरीज करावी. दरपत्रके आयोगाच्या आदेशाने बदलतात, त्यामुळे चालू वर्षाचेच घ्यावे. वहीच्या एका पानावर मावणारे हे काम आहे.

अर्ज नव्या कंपनीकडे करायचा असतो. जुनी थकबाकी आधी चुकती करावी लागते, बदलाच्या दिवशीच्या मीटर रीडिंगची नोंद स्वतःकडे ठेवावी आणि जुन्या कंपनीकडची सुरक्षा ठेव मागून घ्यावी. चेंजओव्हरनंतर रात्री गल्लीतली केबल जळाली, तर ती दुरुस्त करायला येतो तो तारांच्या मालकाचाच माणूस, बिल कोणाचेही असो.