हँडलचा मेगर : जुन्या यंत्राची दुरुस्ती

मेगर हे केबल, मोटर, ट्रान्सफॉर्मर यांच्या इन्सुलेशनचा रोध उच्च विद्युत दाबावर (व्होल्टेजवर) मोजणारे यंत्र आहे. ‘मेगर’ हा मुळात लंडनच्या एव्हरशेड अँड विग्नोल्स कंपनीने १९०३ मध्ये नोंदवलेला ट्रेडमार्क. पुढे तो जातिवाचक झाला आणि आपल्याकडचे वायरमन ‘मेगर मारला का?’ असे क्रियापदासारखेही वापरू लागले. या नोंदीत हाताने फिरवायच्या, साधारण २५० ते १००० व्होल्टच्या जुन्या मेगरच्या दुरुस्तीची माहिती आहे.

पेटीत दोनच मुख्य भाग असतात : हँडलवर चालणारा डायनामो आणि दोन कॉइलचे मीटर. दोन्ही कॉइल ठरावीक कोनात एकाच दांडीवर बसवलेल्या असतात. कंट्रोल कॉइल रेझिस्टरमार्फत थेट डायनामोवर असते, तर करंट कॉइलमधून तपासणीच्या वस्तूतून जाणारा प्रवाह वाहतो. काटा या दोन प्रवाहांचे गुणोत्तर दाखवतो. त्याला परत खेचणारी स्प्रिंग नसते, म्हणून हँडल थांबल्यावर तो स्केलवर कुठेही थबकतो. जुना मेगर हाती आल्यावर अनेक जण यालाच बिघाड समजून मीटर उघडतात आणि तिथेच खरा बिघाड सुरू होतो. कॉइलला वीज नेणाऱ्या केसासारख्या बारीक पट्ट्या तुटल्या, तर त्याच मॉडेलचा दुसरा मोडका मेगर मिळाल्याशिवाय गत्यंतर नसते.

पेटी न उघडता करायच्या तपासण्या आधी उरकाव्यात. टर्मिनल मोकळे ठेवून हँडल फिरवल्यास काटा अनंतावर जावा. लाइन आणि अर्थ टर्मिनल जोडून हळू फिरवल्यास शून्यावर. शून्य बरोबर येते पण काटा अनंताच्या अलीकडे, समजा ५० मेगाओहमवर (मेगाओहम म्हणजे दहा लाख ओहम) अडकतो, तर दोष बहुधा मीटरचा नसून मेगरच्याच अंगातून होणाऱ्या गळतीचा असतो. बेकलाइटवरचा (जुन्या कडक प्लॅस्टिकवरचा) तेलकट थर, ओल धरलेली कापडी वायर, टर्मिनलखालची धूळ ही तिची नेहमीची ठिकाणे. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पेटी ४० ते ५० अंश सेल्सिअसला काही तास सुकवावी; खोक्यात लावलेला साधा बल्बही पुरतो. त्याहून तापवू नये, कारण आतील मेण आणि शेलॅक (लाखेचा लेप) मऊ पडतात. गार्ड टर्मिनल असेल तर लाइन टर्मिनलभोवतीची गार्डची कडी स्वच्छ करायला विसरू नये : पृष्ठभागावरची गळती करंट कॉइलला वळसा घालून डायनामोकडे परत पाठवणे हेच तिचे काम.

काटा मुळीच हलत नसेल तर काचही तपासावी. कोरड्या फडक्याने घासलेल्या काचेवर स्थिर विद्युत साचते आणि हलका काटा तिला चिकटल्यासारखा राहतो. काचेवर नुसती फुंकर मारली तरी काटा सुटतो.

डायनामोत मुख्य काम कम्युटेटरचे, म्हणजे रोटरच्या दांडीवरच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गोलाचे. तो अल्कोहोलच्या बोळ्याने पुसावा, पट्ट्यांमधील खाचांतला कार्बन लाकडी काडीने काढावा. एमरी पेपर वापरू नये. त्याचे कण तांब्यात रुततात आणि ब्रश खातात. ब्रश (कम्युटेटरवर टेकणारे कार्बनचे तुकडे) काढण्याआधी कोणता कोणत्या बाजूचा आणि कसा बसलेला होता यावर खूण करावी, नाहीतर झिजून आलेली वक्र कड पुन्हा जुळत नाही. गिअरमधले दगडासारखे झालेले ग्रीस केरोसिनने उतरवून बेअरिंगला घड्याळाच्या तेलाचा एकेक थेंब पुरे. स्थिरगती क्लचच्या घर्षणपृष्ठाला मात्र तेल लागता कामा नये. बऱ्याच मॉडेलांत हा क्लच मिनिटाला १६० फेऱ्यांच्या आसपास सरकू लागून वेग बांधून ठेवतो. तेल लागले की तो आधीच सरकतो आणि दाब चढत नाही. लांब केबलवर वेग स्थिर हवाच, कारण दाब खालीवर झाला की केबलची धारिता (वीज साठवण्याची क्षमता) भरते-रिकामी होते आणि काटा झुलतो.

चुंबकांतून रोटर ओढून काढण्याआधी ध्रुवांवर मऊ लोखंडाची पट्टी आडवी ठेवावी. ती नसेल तर चुंबकीय परिपथ उघडा पडतो आणि चुंबकाची ताकद कायमची कमी होते.

याची गंमत अशी की, हा तोटा स्केलवर दिसत नाही. चुंबक अशक्त झाला की दोन्ही प्रवाह आणि दोन्ही कॉइलवरचे बल सारख्याच प्रमाणात घटतात, गुणोत्तर तेच राहते. १० मेगाओहमचा रेझिस्टर तो १० च दाखवतो, मात्र ५०० ऐवजी ३५० व्होल्टवर. म्हणून रेझिस्टरने तपासलेला मेगर दुरुस्त झाला असे मानणे चूक. दाब स्वतंत्रपणे मोजायलाच हवा. ५०० व्होल्टच्या मेगरला १० मेगाओहम इनपुटचा डिजिटल मल्टिमीटर चालतो, १००० व्होल्टला मात्र हाय व्होल्टेज प्रोब घ्यावा.

स्केल तपासायला एकच मोठा रेझिस्टर लावू नये. साधे छोटे रेझिस्टर ५०० व्होल्ट सोसतीलच असे नाही. १ मेगाओहमचे दहा सिरीजमध्ये जोडल्यास प्रत्येकावर ५० व्होल्टच येतात. १० मेगाओहमचे दहा जोडून १०० मेगाओहम मिळतात. हे सगळे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतात. साखळीला बोटे लावू नयेत, घामाचा थर १०० मेगाओहमला समांतर जातो. चूक मोजताना लक्षात असावे की स्केल अनंताकडे दाटत जाते. तिथे काटा सुईभर सरकला तरी आकडा बराच बदलतो. मोठ्या मॉडेलांत अनंताची जागा जुळवणारा इंडेक्स अॅडजस्टर असतो. गळती दूर करण्याआधी त्याला हात लावू नये.

जुन्या रबरी लीड टाकूनच द्याव्यात. नव्या सिलिकॉनच्या, किमान १००० व्होल्टच्या, आणि दोन वेगळ्या घ्याव्यात. पीळ दिलेल्या जोडीत दोन तारांमधील गळतीही मोजली जाते. खुद्द मेगरचा झटका सहसा काही मिलिअँपिअरचा असतो, पण त्याने भरलेली लांब केबल जीव घेऊ शकते, म्हणून चाचणीनंतर ती रेझिस्टरमार्फत अर्थला जोडून रिकामी करावी. कोकणासारख्या दमट भागात पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि पावसाळ्यात प्रत्येक वापराआधी अनंताची तपासणी करावी.