मॅट फिल्म (लॅपटॉपच्या पडद्यावरील)

मॅट फिल्म : लॅपटॉपच्या चकचकीत पडद्यात दिसणारी खिडकीची, ट्यूबलाइटची किंवा वापरणाऱ्याच्या पांढऱ्या शर्टाची प्रतिबिंबे पुसट करण्यासाठी वरून चिकटवायचा पातळ, पारदर्शक आणि किंचित खरबरीत पापुद्रा. दुकानात याला ‘मॅट गार्ड’ किंवा ‘अँटी-ग्लेअर’ म्हणतात. मोबाइलवरच्या टेम्पर्ड ग्लासशी त्याची नेहमी गल्लत होते. टेम्पर्ड ग्लासचे काम पडदा फुटू न देण्याचे, आणि बहुतेकदा ती स्वतःच आरशासारखी चकचकीत असते. मॅट फिल्म आघातापासून फारसे वाचवत नाही. तिचे काम वेगळे आहे आणि तेही थोडे फसवे. बाहेरून येणारा प्रकाश ती नाहीसा करत नाही, फक्त विस्कटून टाकते. तिचे गुण आणि दोष दोन्ही यातूनच निघतात.

काचेचा अपवर्तनांक, म्हणजे ती प्रकाश किती वळवते ते सांगणारा आकडा, साधारण १.५ असतो. अशा काचेवर समोरून प्रकाश पडला तर त्यातला सुमारे ४ टक्के पृष्ठभागावरूनच परततो. तिरका पडला तर याहून बराच जास्त. ४ टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण पाठीमागच्या खिडकीतून दिसणाऱ्या आकाशाची तेजस्विता ३,००० निट्स (निट हे तेजस्वितेचे एकक) धरली, तर पडद्यात दिसणारे तिचे प्रतिबिंब १२० निट्सचे होते. लॅपटॉपचा पडदा पूर्ण उजेडावर ३०० निट्सचा आणि त्याचा काळा रंग ०.३ निट्सचा मानू, म्हणजे कागदावर कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या-काळ्याचे गुणोत्तर) १,०००:१. प्रतिबिंब मिसळल्यावर पांढरे ४२० निट्सचे होते आणि काळे १२० च्या वर जाते. हजाराचा कॉन्ट्रास्ट साडेतीनवर येतो. गडद पार्श्वभूमीवर कोड लिहिणाऱ्याला स्वतःचाच चेहरा का दिसत राहतो, त्याचा हिशेब इतकाच. त्यात डोळ्यांची आणखी एक अडचण असते. अक्षरे पडद्यावर असतात, पण खिडकीचे प्रतिबिंब पडद्याच्या बऱ्याच मागे असल्यासारखे भासते, आणि नजर दोन अंतरांमध्ये ओढली जाते.

खरबरीत पृष्ठभागावर हाच ४ टक्के प्रकाश एका दिशेने न परतता अनेक दिशांना पसरतो. खिडकीची चौकट, गज, पडदा असे काही ओळखू येत नाही; त्यांच्या जागी मंद उजळ धब्बा उरतो. खिडकी एखादीच आणि बाकी खोली अंधारी असेल तर फायदा लगेच जाणवतो. उघड्या अंगणात मात्र गणित फिरते. चहूबाजूंनी सारखाच उजेड येत असेल तर विस्कटून फारसे काही साधत नाही. थेट ऊन पडले तर चकचकीत पडद्यावर सूर्य एका ठरावीक कोनातच दिसतो आणि पडदा जरा कलता केला की वाचता येते, पण मॅट पडदा सगळाच दुधाळ होतो. गच्चीवर बसून काम करण्यासाठी फिल्म घेणाऱ्याची निराशा ठरलेली. तिथे कामाला येते ती पडद्याची स्वतःची तेजस्विता, म्हणजे जास्तीचे निट्स.

या फिल्मचा पाया सहसा पीईटी या प्लास्टिकचा असतो. पाण्याच्या बाटल्याही त्याच्याच होतात. वरच्या बाजूला कठीण लेप असतो. त्यात सिलिकाचे बारीक कण मिसळून किंवा लेपावर ठसा उमटवून खरबरीतपणा आणतात. खालच्या बाजूला सिलिकोनचा चिकट थर असतो, त्यामुळे फिल्म काढताना सहसा डिंकासारखे डाग राहत नाहीत. खरबरीतपणा किती ठेवायचा हीच यातली खरी कसोटी. तो मोजण्याचे एक माप ‘हेझ’ : फिल्ममधून पार होणाऱ्या प्रकाशापैकी जितका प्रकाश मूळ दिशेपासून २.५ अंशांहून जास्त वळतो, त्याची टक्केवारी. हेझ वाढला की प्रतिबिंबे पुसट होतात आणि त्याबरोबर अक्षरेही.

ड्रॉइंगच्या वर्गात बटर पेपर वापरलेल्यांना हे सांगावे लागत नाही. कागद चित्राला टेकलेला असला की रेषा स्वच्छ दिसतात. बोटभर वर उचलला की त्या विरघळतात. खरबरीत थर पिक्सेलपासून जितका दूर, तितका धूसरपणा जास्त. ज्या लॅपटॉपला प्लास्टिकची चौकट असते आणि आत उघडे एलसीडी पॅनेल असते, त्याच्यावर फिल्म पिक्सेलच्या जवळ बसते आणि परिणाम बरा मिळतो. काठापासून काठापर्यंत काच असलेल्या पडद्यावर काचेच्या जाडीइतके अंतर वाढते. चुंबकाच्या किंवा बाजूच्या पट्ट्यांच्या आधारे नुसती अडकवायची फिल्म सोयीची खरी, पण तिच्या आणि पडद्याच्या मध्ये हवा राहते. परावर्तन करणारे आणखी दोन पृष्ठभाग त्यामुळे तयार होतात. चिकटणारी फिल्म मधली हवा घालवते, म्हणून चित्राच्या दृष्टीने तीच सरस.

दुसरा दोष रवाळपणाचा. पांढऱ्या पानावर रंगीत रवा सांडल्यासारखी बारीक चमचम दिसते, आणि डोके हलवले की तीही हलते. फिल्मवरचे सूक्ष्म उंचवटे लहान लहान भिंगांसारखे वागतात, काही पिक्सेल उजळ आणि काही मंद दाखवतात. पिक्सेल जितके बारीक, तितकी ही चमचम जास्त जाणवते. म्हणून जुन्या १,३६६ × ७६८ पिक्सेलच्या पडद्यावर समाधान देणारी स्वस्त फिल्म दाट पिक्सेलच्या नव्या पडद्यावर डोळ्यांना खुपते. पोलराइज्ड गॉगल लावून पाहिले तर पीईटीमुळे इंद्रधनुषी पट्टेही दिसू शकतात, पण ती फिल्मच्या बिघाडाची खूण नव्हे.

परावर्तन पसरवणे आणि परावर्तन कमी करणे हे दोन वेगळे उपाय आहेत, जाहिराती मात्र दोन्हींना एकाच नावाखाली खपवतात. दुसऱ्या प्रकारात काचेवर साधारण १०० नॅनोमीटर जाडीचा, मॅग्नेशियम फ्लोराइडसारख्या पदार्थाचा थर देतात. त्याच्या वरून आणि खालून परतणाऱ्या लहरी एकमेकींना खोडून काढतात. कार्ल झाइस या भिंगे बनवणाऱ्या जर्मन कंपनीत काम करणाऱ्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये अशा लेपाचे पेटंट घेतले होते. कॅमेऱ्याच्या भिंगांवर आणि चष्म्यांवर दिसणारी जांभळी-हिरवी झाक अशा लेपांचीच. असा लेप असलेल्या लॅपटॉपवर मॅट फिल्म चिकटवणे म्हणजे मूळचा चांगला गुण झाकणे होय. लेपाचे मोजमाप हवेशी जुळवलेले असते, चिकट थराशी नव्हे, आणि फिल्मचा वरचा पृष्ठभाग स्वतःचे ४ टक्के नव्याने परतवतो. पुढे फिल्म ओढून काढताना कमकुवत झालेला लेपही उचकटण्याची भीती असते.

इतिहास : डोळ्यांवर येणाऱ्या चकाकीची तक्रार लॅपटॉपच्या आधीची आहे. जुन्या टीव्हीसारख्या जाडजूड सीआरटी मॉनिटरपुढे काचेचा किंवा जाळीचा फिल्टर टांगण्याची पद्धत १९९० च्या दशकात कार्यालयांत सर्रास होती. युरोपीय समुदायाने (आजच्या युरोपीय संघाच्या पूर्वरूपाने) २९ मे १९९० च्या निर्देशात, कामाच्या ठिकाणचा पडदा त्रासदायक चकाकी आणि प्रतिबिंबे यांपासून मुक्त असावा, असे घालून दिले. सुरुवातीचे एलसीडी लॅपटॉप बहुतेक मॅटच होते. २००० नंतरच्या दशकात चकचकीत पडद्यांची लाट आली, कारण दुकानाच्या मांडणीत रंग गडद आणि काळा रंग खोल दिसतो. घरी खिडकीसमोर काय होते हे पैसे भरल्यावर कळते. ॲपलने २००८ च्या अखेरीस १५ इंची मॅकबुक प्रो फक्त चकचकीत काचेत आणला, आणि २००९ मध्ये जादा ५० डॉलर घेऊन मॅट पर्याय परत दिला. २०२४ च्या मॅकबुक प्रोसाठी काचेवरच सूक्ष्म खरबरीतपणा कोरलेला ‘नॅनो-टेक्श्चर’ पडदा आला, त्याचे जादा १५० डॉलर. मधल्या काळात ज्यांना पर्यायच नव्हता, त्यांनी फिल्मचा बाजार चालवला.

घेताना नुसत्या इंचांवर जाऊ नये. १४ इंची पडदा १६:९ प्रमाणाचा असेल तर सुमारे ३१० × १७४ मिमी भरतो, १६:१० चा असेल तर ३०२ × १८८ मिमी. पट्टीने रुंदी-उंची मोजणे हाच खात्रीचा मार्ग. जाडीही पाहावी : हल्लीच्या बारीक लॅपटॉपमध्ये मिटल्यावर पडदा आणि कीबोर्ड यांत फार थोडी फट उरते. ॲपलने कॅमेऱ्यावरच्या झाकणासाठी ०.१ मिमी, म्हणजे छपाईच्या साध्या कागदाएवढी, मर्यादा सुचवली आहे. फिल्मच्या बाबतीतही तोच अंदाज बाळगलेला बरा. कॅमेऱ्याच्या जागी छिद्र नसेल तर व्हिडिओ कॉलवर समोरच्याला धुके दिसते. चौकटीच्या जुन्या लॅपटॉपसाठी अख्खे पॅनेल बदलून मॅट बसवणे हाही पर्याय असतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात पॅनेलचा नंबर सांगून चौकशी करणारे त्यासाठीच येतात. मूळचाच मॅट असलेल्या पडद्यावर मात्र फिल्म लावू नये. खरबरीत पृष्ठभागावर ती नीट धरत नाही आणि धूसरपणा दुप्पट होतो.

लावताना मुख्य शत्रू धूळ. पंखा बंद करून, अंगातली लोकरीची वस्त्रे उतरवून, मायक्रोफायबरने पडदा पुसून घ्यावा आणि राहिलेले कण सेलोटेपने टिपावेत. गरम पाण्याची वाफ धरलेल्या न्हाणीघरात बसून हे काम उरकणारेही आहेत. ओलसर हवेत धूळ खाली बसते, त्यामुळे ही युक्ती वाटते तितकी वेडगळ नाही. वरची एक कड आधी जुळवून, मागचा कागद थोडा थोडा सोडत, प्लास्टिकच्या पट्टीने हवा बाहेर सारत जायचे. हवेचे बारीक फुगे एक-दोन दिवसांत बसतात, धुळीच्या कणाभोवतीचा फुगा कधीच बसत नाही. बोटांचे तेल फिल्मच्या खळग्यांत भरले की तेवढाच भाग पुन्हा चमकू लागतो, कारण पृष्ठभाग तिथे सपाट होतो. पाण्याचा थेंब पडला तरी क्षणभर असेच होते. किंचित ओल्या कापडाने पुसल्यावर खरबरीतपणा परत येतो. घासून घासून गुळगुळीत झालेला भाग मात्र तसाच राहतो, आणि मग फिल्म कोपऱ्यातून सावकाश सोलून बदलावी लागते.