दारू सुटली, आता घराचं काय?

बाप दारू सोडतो तेव्हा गाव त्याचं कौतुक करतं, करायलाच पाहिजे, पण त्याच दिवसांत घरात भांडणं वाढू शकतात हे कोणी आधी सांगत नाही. मी वर्धा जिल्ह्यातला. आमच्याकडे 1975 पासून दारूबंदी आहे आणि तरी मोहाची, हातभट्टीची दारू गावात पोचते, त्यामुळे अशी घरं लहानपणापासून जवळून पाहिली. मला एकच सांगायचंय, आपण इलाज करतो तो एकट्या पिणाऱ्याचा, बाकीची माणसं तशीच राहून जातात.

आधी जिवाच्या धोक्याचं सांगून टाकतो. रोजच्या दारूने मेंदूला शांत करणाऱ्या गाबा या रसायनाचं काम वाढतं, मग तोल सांभाळायला मेंदू उत्तेजित करणाऱ्या ग्लुटामेटचा जोर वाढवून ठेवतो. दारू एकदम बंद झाली की शांत करणारं कमी पडतं आणि जोर मात्र तसाच राहतो. पहिल्या 6 ते 24 तासांत हात थरथरतात, घाम येतो, झोप लागत नाही, 48 तासांपर्यंत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत काहींना भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, घरचे ओळखू येत नाहीत. यात माणूस जाऊ शकतो. माळ घालून दारू सोडणारे आपल्याकडे खूप आहेत आणि तो आधार खराच आहे, पण रोज भरपूर पिणाऱ्याला शपथ घालून, खोलीत कोंडून सोडवू नका. दवाखान्यात न्या, तिथे फिट टाळायची औषधं आणि बी-1 जीवनसत्त्व देतात.

आता पोट्ट्यांचं. संध्याकाळी अंगणात चपला वाजल्या की आज बाप किती पिऊन आलाय हे त्या आवाजावरून सांगणारी लेकरं मी पाहिलीत. रोज असं कान लावून बसायचं म्हणजे शरीरात कॉर्टिसॉलसारखी ताणाची संप्रेरकं पुन्हा पुन्हा वाढणार, झोप, पचन, अभ्यास सगळ्यावर परिणाम. 1998 मध्ये अमेरिकेत फेलिट्टी आणि अँडा या डॉक्टरांनी नऊ हजारांवर मोठ्या माणसांच्या लहानपणाची माहिती घेतली, घरातलं व्यसन, मारहाण वगैरे प्रकार जितके जास्त तितकं पुढे हृदयविकार, नैराश्य आणि स्वतःचं व्यसन यांचं प्रमाण जास्त दिसलं. आणि बापाने सोडली म्हणून लेकराचे कान लगेच शांत होत नाहीत, ते कित्येक महिने तसेच टवकारलेले असतात.

ओळखीच्या एका घरात बापाची सुटून काही महिने झाले होते. कापसाचा चुकारा आला तसा तो पोरीला म्हणाला, "आण ते पैसे माह्याजवळ." पोरगी जागची हलली नाही. कृषी केंद्राची उधारी, भावाची फी, राशन हे सगळं तीच आणि तिची माय पाहत होत्या, पैसे पिठाच्या डब्यात तळाशी ठेवायचे हेही तिनेच ठरवलेलं. "आता पेत नाई ना मी, मंग काऊन?" बाप कळवळून विचारत होता, आणि माय दोघांच्या मधात उभी. मला तर दोघंही बरोबर वाटले.

जोन जॅक्सन या अभ्यासक बाईंनी हे 1954 मध्येच लिहून ठेवलंय. नवरा पीत असताना बायको आधी झाकपाक करते, मग धाक दाखवते, थकते, आणि शेवटी त्याला वगळून घर चालवायला शिकते. तो सुधारून आला की त्याला आपली जागा परत पाहिजे असते, पण ती जागा कोणीतरी भरलेली असते. हा टप्पा येतोच हे माहीत असलं तर त्या भांडणात कोणी कोणाला नालायक म्हणणार नाही, आणि पैशाचा कारभार एकदम न सोपवता हळूहळू देता येतो.

"बाप तसा पोरगा" हे लोकं सहज बोलून जातात, मला फार राग येतो त्याचा. जुळ्यांच्या अभ्यासांवरून व्यसनाच्या धोक्यातला साधारण अर्धा वाटा अनुवंशिकतेचा धरतात, म्हणजे बाकीचा अर्धा घरादाराच्या, गावाच्या हातात आहे. स्टीव्हन वोलिन आणि सहकाऱ्यांचा 1980 चा एक अभ्यास आहे, छोटासाच, पण मला तो फार मोलाचा वाटतो. पिणं जोरात असतानाही ज्या घरांनी सणवार, एकत्र जेवण मोडू दिलं नाही तिथे व्यसन पुढच्या पिढीत कमी गेलं. म्हणून पोळ्याला बाप पिऊन पडला असला तरी मामाने, आजोबाने बैल सजवून तोरणाखाली न्यावा, पुरणपोळी व्हावी, आणि दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला लेकराचा लाकडी नंदी निघालाच पाहिजे.

आणि तो दवाखान्यात यायला तयारच नसेल तर? 1999 मध्ये अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात मिलर आणि मेयर्स या अभ्यासकांनी आधी घरच्यांनाच शिकवून पाहिलं, शुद्धीत असेल तेव्हा त्याच्याशी आपुलकीने वागायचं, प्यालेला असताना वाद घालायचा नाही, त्याच्या चुका झाकायच्या नाहीत, मारहाण झाली तर कुठे जायचं हे आधीच ठरवायचं. यातून 100 पैकी 64 घरांतला पिणारा उपचाराला आला, सगळ्यांनी मिळून त्याला घेरून जाब विचारायच्या पद्धतीत 30 आले. आपल्याकडे मानसिक आरोग्यासाठी टेली मानस या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि फोन पिणाऱ्यानेच करायला पाहिजे असं नाही, बायकोने केला, पोरीने केला तरी चालतो.