नोडने नाकारलं म्हणजे व्यवहार अवैध ठरला असं नाही

बिटकॉइनबद्दलच्या चर्चांमध्ये एक वाक्य वर्षानुवर्षं वाचतो आहे: ‘नेटवर्कने तो व्यवहार अवैध ठरवला.’ खोलात गेलं की दर वेळी तेच निघतं. व्यवहार अवैध नव्हताच, काही नोडनी (बिटकॉइनचं सॉफ्टवेअर चालवणाऱ्या संगणकांनी) तो पुढे पाठवला नव्हता, इतकंच. कन्सेन्ससचे नियम, म्हणजे सगळ्या नोडनी पाळायलाच हवेत ते, वेगळे आणि रिले पॉलिसी, म्हणजे व्यवहार पुढे पाठवायचा का याचे नोडचे स्वतःचे नियम, वेगळी. दोन्ही एकाच सॉफ्टवेअरमध्ये नांदतात आणि दोन्ही ‘नाही’ म्हणतात, म्हणून गल्लत होते. पण फुकटच्या कचऱ्याने नोड गुदमरवणाऱ्या हल्ल्यांपासून हे नेटवर्क कसं वाचतं, हे समजून घ्यायचं तर ही गल्लत आधी मिटवायला हवी.

कन्सेन्ससचे नियम बहुतेकांना पाठ असतात. नाणी २.१ कोटींच्या वर नाहीत, सही खरी हवी, तेच नाणं दोनदा खर्चायचं नाही, ब्लॉकचं (साखळीत एकदम जोडल्या जाणाऱ्या व्यवहारांच्या गठ्ठ्याचं) वजन, म्हणजे मोजलेला आकार, ४० लाख एककांच्या आत. हे मोडणारा ब्लॉक प्रत्येक नोड फेकून देतो, आणि यावर दोन नोडांचं जुळलं नाही तर साखळीच दुभंगते. यावर अधिक लिहीत नाही.

रिले पॉलिसी त्या मानाने घरगुती बाब आहे. जो व्यवहार अजून कुठल्याच ब्लॉकमध्ये गेलेला नाही, तो माझ्या मेमपूलमध्ये (थांबलेल्या व्यवहारांच्या साठ्यात) ठेवायचा का आणि शेजारच्या नोडना सांगायचा का, एवढाच तिचा प्रश्न. बिटकॉइन कोर या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या नोड-सॉफ्टवेअरमध्ये मेमपूलला मुळात ३०० एमबी जागा असते, पडून राहिलेला व्यवहार दोन आठवड्यांनी काढला जातो, आणि ४ लाख एककांहून जड व्यवहार पुढे जात नाही. यातलं बरंचसं नोडचा मालक सेटिंगमधून बदलू शकतो, आणि बदललं तरी तो त्याच साखळीवर राहतो. (किमान फी आणि डस्टची मर्यादा यांतही लोक घोळ घालतात. पहिली व्यवहाराच्या आकारामागे किती फी दिली ते पाहते, दुसरी आउटपुटची, म्हणजे व्यवहारातून कोणाला तरी जाणाऱ्या नाण्याची, रक्कम फार क्षुल्लक नाही ना ते. दोन्ही पॉलिसीच.)

आता खरा मुद्दा: दोन वेगळे थर लागतातच कशाला? खर्च कोणाच्या माथी पडतो ते पाहिलं की उत्तर मिळतं. खोटा ब्लॉक पाठवायचा तरी त्यामागे प्रूफ ऑफ वर्क, म्हणजे प्रचंड गणना केल्याचा पुरावा, लागतं, म्हणजे हल्लेखोराची वीज जळते. व्यवहाराला असं काही लागत नाही. फीसुद्धा तो ब्लॉकमध्ये गेला तरच कापली जाते. तोपर्यंत तो तपासायला लागलेली प्रोसेसरची ताकद, साठवायला लागलेली मेमरी आणि हजारो नोडांमधून फिरवायला लागलेली बँडविड्थ हा सगळा भार इतरांचा. हल्लेखोराला बिनखर्चाचं असलेलं हे मोठं दार आहे, आणि पॉलिसी तिथेच पहारा देते. समोर आलेला व्यवहार वैध आहे का, एवढ्यावर ती थांबत नाही. माझा खर्च कधीतरी कोणी भरून देईल का, हेही ती विचारते.

फी वाढवून व्यवहार बदलण्याचा नियम घ्या. एक व्यवहार पाठवला, मग त्याच्याच जागी एक सॅटोशी (बिटकॉइनचा सर्वांत लहान अंश) जास्त देणारा दुसरा, मग तिसरा, असं हजार वेळा केलं तर हजार व्यवहार सगळ्या नेटवर्कभर फिरतील आणि पैसे भरले जातील एकाच्याच नावावर. म्हणून नव्या व्यवहाराने जुन्याची एकूण फी तर द्यावीच, वर स्वतःच्या आकारापुरती आणखी भर घालावी, असं पॉलिसी सांगते. कन्सेन्ससमध्ये असा नियम औषधालाही सापडणार नाही. मायनरने, म्हणजे ब्लॉक बनवणाऱ्याने, त्या हजारांतला सर्वांत स्वस्त व्यवहार उचलून ब्लॉकमध्ये घातला तरी ब्लॉक पूर्ण वैध.

हीच पॉलिसीची मर्यादाही आहे, आणि इथेच लोक घसरतात. जुलै २०१५ मधला ३६४२९२ क्रमांकाचा ब्लॉक पाहा. एफटूपूल या मायनरांच्या गटाने त्यात जवळपास १ एमबीचा एकच व्यवहार घातला, त्याला ५,५६९ इनपुट (खर्च होणारी आधीची नाणी) होते. जुन्या पद्धतीत प्रत्येक इनपुटची सही तपासताना जवळजवळ अख्खा व्यवहार पुन्हा हॅश करावा (त्याचा गणिती ठसा काढावा) लागे, म्हणजे काम आकाराच्या वर्गाने वाढायचं. तो ब्लॉक तपासायला सुमारे २५ सेकंद लागल्याचं तेव्हा मोजलं गेलं. तेव्हाच्या पॉलिसीत व्यवहाराची मर्यादा १०० केबी होती, त्यामुळे मूळ सेटिंगवरच्या एकाही नोडने तो पुढे पाठवला नसता. पण मायनरने तो थेट ब्लॉकमध्ये ठेवला, वर प्रूफ ऑफ वर्क होतं, आणि प्रत्येक नोडला तो स्वीकारावा लागला. फेब्रुवारी २०२३ मध्ये जवळपास ४ एमबीचा ब्लॉक आला तोही याच वाटेने.

मग सगळ्या मर्यादा कन्सेन्ससमध्येच का घालत नाही, असं कोणी विचारलं की मी मार्च २०१३ ची आठवण देतो. ०.८ आवृत्तीने आपला डेटाबेस बदलला. जुन्या आवृत्तींच्या डेटाबेसमध्ये एका वेळी किती लॉक (नोंदी बदलताना लावायची कुलुपं) घेता येतील याला मर्यादा होती, आणि तिला कोणीही बिटकॉइनचा नियम मानत नव्हतं. एक मोठा ब्लॉक आला, जुन्या नोडांना लॉक अपुरे पडले, त्यांनी तो नाकारला. नव्यांनी स्वीकारला. साखळी काही तास दुभंगली आणि शेवटी मायनरांना जुन्या आवृत्तीच्या साखळीवर परतावं लागलं. यंत्राच्या सोयीची एक मर्यादा नकळत कन्सेन्सस बनली होती.

पॉलिसीत बसत नाही अशा व्यवहारासाठी पाठवणाऱ्या नोडला शिक्षा करायची नसते, तेही याचमुळे. त्याची आवृत्ती किंवा सेटिंग वेगळं असेल, एवढंच. अशाला बंदी घालू लागलो तर हल्लेखोर एखादा विचित्र व्यवहार सोडून प्रामाणिक नोडांना आपसांतच तोडून टाकेल. अवैध ब्लॉक पाठवणाऱ्याची गोष्ट निराळी, त्याला तोडलेलंच बरं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये बिटकॉइन कोरच्या ३०व्या आवृत्तीने ओपी-रिटर्नची (व्यवहाराला इतर डेटा जोडायच्या जागेची) मूळ मर्यादा ८३ बाइटवरून १ लाखावर नेली, तेव्हा ‘बिटकॉइनचे नियम बदलले’ अशी ओरड झाली. कन्सेन्ससचं एक अक्षरही हललं नव्हतं. माझं मत स्पष्ट आहे: पॉलिसी यंत्राच्या खर्चापुरती असावी, आवडीनिवडीसाठी नको. मायनर जे घेणारच आहेत ते माझ्या मेमपूलमध्ये नसेल तर ब्लॉक आल्यावर ते व्यवहार मागून घ्यावे लागतात, ब्लॉक सावकाश पसरतो आणि त्याचा फायदा मोठ्या मायनरांना होतो. पण ‘पॉलिसी बिनकामाची’ म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. किमान फी आणि बदलीचे नियम काढून टाका, मग नोड कसा तग धरतो ते मला दाखवा.

शंका आली की एकच प्रश्न विचारा: हाच व्यवहार पुरेसं प्रूफ ऑफ वर्क असलेल्या ब्लॉकमधून आला, तर माझा नोड तो ब्लॉक घेईल का? घेणार असेल तर ती आडकाठी पॉलिसीची होती. वॉलेट वापरणाऱ्याने हे नीट लक्षात ठेवावं. कमी फीमुळे ‘नाकारलेला’ व्यवहार रद्द झालेला नसतो. सही केलेली त्याची प्रत ज्याच्याकडे आहे तो ती महिन्याभरानेही पुन्हा पाठवू शकतो आणि ती ब्लॉकमध्ये जाऊ शकते. खरोखर रद्द करायचं असेल तर तेच नाणं दुसऱ्या व्यवहारात, पुरेशी फी देऊन, स्वतःच्याच पत्त्यावर पाठवा आणि तो ब्लॉकमध्ये गेल्याची खात्री होईपर्यंत थांबा.